कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला ओरडू नका

प्रश्न: माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. नणंदेकडचा कुत्रा एरवी अगदी गरीब, पण मुलाने गळ्यात हात टाकून मिठी मारली तेव्हा तो गुरगुरला. घरातले सगळे कुत्र्यावर ओरडले. आता मुलाला तिकडे न्यावं का? आणि बाहेरच्या अनोळखी कुत्र्यांबद्दल त्याला काय शिकवू?

उत्तर: ताई, जरूर न्या. फक्त गुरगुरल्याबद्दल त्या कुत्र्याला पुन्हा कुणी रागवू नये, हे नणंदेला आधी सांगा. ‘पुरे, लांब हो’ हेच तो गुरगुरून सांगत असतो. त्यावर दर वेळी ओरडा बसला, तर काही कुत्रे गुरगुरणंच सोडतात आणि थेट चावतात. मी पशुवैद्य आहे. ‘काही कारण नसताना चावला हो’ असं पालक सांगतात, तेव्हा मी त्यांना आधीची दोन मिनिटं आठवायला लावते. बहुतेकदा कुत्रा जेवत असतो, झोपलेला असतो किंवा कुणीतरी त्याला कवटाळलेलं असतं.

मिठीत पुष्कळ कुत्र्यांना अडकल्यासारखं होतं. गुरगुरण्याआधीच तो तोंड फिरवतो, समोर खाणं नसताना ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसू लागतं. मग अंग ताठ होतं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, असं समजू नका. अंग ताठ आणि शेपूट उंच असेल तर लांबच राहावं. मुलाला शेजारी घेऊन बसा आणि दुरूनच विचारा, ‘बघ, आता तो काय म्हणतोय?’ मुलं हे फार पटकन शिकतात.

हात लावायचा तर आधी मालकाला विचारायचं, मग कुत्र्याला आपणहून जवळ येऊ द्यायचं. डोक्यावर थोपटण्यापेक्षा छातीला खाजवलेलं त्यांना आवडतं. वाकून पापी घेणं मात्र पूर्ण बंद. लहान मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाजवळ असतो, म्हणून त्यांना चावा अनेकदा तोंडावर बसतो, तोही बऱ्याचदा ओळखीच्याच कुत्र्याचा. दोघं एकत्र असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि त्याच्या हातात मोबाइल नको.

अनोळखी कुत्रा धावून आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही. हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडे, झाडासारखं स्तब्ध. खाली पडलाच तर पोटाशी गुडघे घेऊन गोळा व्हायचं, मान आणि कान हातांनी झाकायचे. घरी खेळ म्हणून याचा सराव घ्या, कारण घाबरल्यावर नुसतं सांगितलेलं आठवत नाही.

आणखी एक, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. ओरडा बसेल म्हणून मुलं चावल्याचं लपवतात. ‘नुसता दात लागला, खरचटलं तरी मला सांग, मी रागवणार नाही’ हे त्याला आजच सांगा. तसं झालंच, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जीव वाचणं जवळजवळ अशक्य असतं. वेळेवर आणि पूर्ण घेतलेले उपचार मात्र तो रोग जवळजवळ नेहमीच टाळतात.