बाळाचा मेंदू आणि ग्लुटामेट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ग्लुटामेट म्हणजे मेंदूतल्या पेशींना चेतवणारं, एकीकडून दुसरीकडे निरोप नेणारं रसायन. पेशीवरच्या ज्या दारांना ते चिकटतं ते रिसेप्टर. एनएमडीए आणि एएमपीए ही त्यातली दोन. ग्लुटामेटबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी त्याला विष समजतं, कुणी बुद्धी वाढवणारं औषध. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : एनएमडीए आणि एएमपीए रिसेप्टरमध्ये फरक काय? गर्भातल्या बाळात दोन्ही असतात का?

असतात, पण सुरुवातीला जोर एनएमडीएचा. एएमपीएला ग्लुटामेट चिकटलं की तो लगेच उघडतो आणि सोडियम आत येतं. एनएमडीएच्या तोंडाशी मात्र मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेट हवं, जोडीला ग्लायसीन हवं आणि पेशी आधीच थोडी चेतलेली हवी. तेव्हा कुठे बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. कोवळ्या मेंदूत दोन पेशींमधल्या बऱ्याच जोडण्यांवर एकटा एनएमडीएच असतो, म्हणून त्या मुक्या असतात. मग बूच निघतं कसं? बऱ्याचदा गाबामुळे. मोठ्यांच्या मेंदूत ब्रेक लावणारं हेच रसायन गर्भात पेशीला चेतवतं, कारण त्या वयात पेशीच्या आत क्लोराइड जास्त असतं. कॅल्शियम गेलं की त्या जोडणीवर एएमपीए येऊन बसतात आणि जोडणी बोलू लागते. जन्मानंतर एनएमडीएमधला २बी घटक मागे पडतो, २ए पुढे येतो आणि दार लवकर मिटू लागतं.

प्रश्न : गरोदरपणात अजिनोमोटो (ग्लुटामेटचंच मीठ) पोटात गेला. बाळाच्या मेंदूला इजा होईल का?

नेहमीच्या प्रमाणात, नाही. ही भीती १९६९ च्या प्रयोगातून आली. त्यात नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचलं होतं, तेही भरमसाट. खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात. आईच्या दुधात सुट्या अमिनो आम्लांपैकी सर्वांत जास्त असतं ते ग्लुटामेटच.

प्रश्न : ‘मेंदूचे रिसेप्टर वाढवणारं’ सिरप बाळाला द्यावं का?

नाही. बाटलीवर बहुधा ग्लुटामीन हे वेगळंच अमिनो आम्ल लिहिलेलं असतं आणि जाहिरातीत ग्लुटामेटचं चित्र असतं. नावातलं साम्य विकलं जातं, दुसरं काही नाही.

प्रश्न : अकाली प्रसूतीचा धोका आहे. मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करू का?

गोळ्यांचा इथे संबंध नाही. प्रसूती ३२ आठवड्यांच्या आत होणार असं दिसलं, तर आईला रुग्णालयात शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात : साधारणपणे आधी ४ ग्रॅम सुमारे २० मिनिटांत, मग तासाला १ ग्रॅम, जास्तीत जास्त २४ तास. त्याने बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) होण्याचा धोका कमी होतो. मात्रा जास्त झाली की आधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणं बंद होतं, मग श्वास मंदावतो. म्हणून गुडघा, श्वास आणि लघवी सतत तपासतात. हे घरचं काम नव्हे. कळा सुरू झाल्या की थेट प्रसूतितज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : बाळ सहा महिन्यांचं आहे. झोपेतून उठलं की मान पुढे टाकतं, दोन्ही हात फेकतं, थांबतं, पुन्हा तेच. घरचे म्हणतात पोटात दुखतंय, वाढेल तसं जाईल. महिनाभर वाट पाहावी का?

एक दिवसही नाही. हे ‘इन्फंटाइल स्पाझम’, म्हणजे तान्ह्या बाळांतली एक प्रकारची आकडी, असू शकतात. प्रत्येक झटका एक-दोन सेकंदांचा असतो, मध्ये काही सेकंद जातात, आणि अशी माळच लागते. पोटदुखीत बाळ सलग रडतं. असं घड्याळ लावल्यासारखं वाकत नाही. दचकायला आवाज किंवा धक्का लागतो. इथे काहीच लागत नाही.

घाई कशासाठी? या वयात कोणती जोडणी ठेवायची, कोणती काढायची, हे एनएमडीएतून शिरणारं कॅल्शियम ठरवत असतं. ते शिरतं दोन पेशी एका वेळी बोलल्या तर. उत्तेजनाची बाजू भरात असते, ब्रेक अजून कच्चे असतात. अशात ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर) लय उरली नाही, नुसता गोंधळ दिसू लागला, तर मेंदू त्या गोंधळावरच घडत जातो. बाळ हसणं सोडतं, नजर देत नाही, येत असलेलं विसरतं. उपचाराला जितका उशीर, तितकं नुकसान भरून येणं कठीण. ‘वाढेल तसं जाईल’ या एका वाक्याने फार मुलांचे महिने वाया गेले आहेत.

आजच मोबाइलवर व्हिडिओ घ्या : चेहरा आणि हातपाय एका चौकटीत, दोन-तीन मिनिटं, बाळाला न धरता. एका माळेत किती झटके आले ते मोजून वेळेसह लिहा. आज-उद्याच बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. त्यांची वेळ मिळत नसेल तर तातडीच्या विभागात जा. ईईजीत झोप आणि जाग येण्याचा क्षण दोन्ही यायला हवेत. फक्त जागेपणीचा ईईजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. औषधं म्हणजे एसीटीएच हे संप्रेरक, मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन. पहिल्या दोन्हींत रक्तदाब आणि संसर्गावर, तिसऱ्यात दृष्टीवर लक्ष ठेवावं लागतं. आकडीवरचं घरात पडून असलेलं जुनं औषध देऊ नका.

प्रश्न : तीन महिन्यांच्या बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. भूल एनएमडीए बंद करते म्हणतात. पुढे ढकलू?

स्वतःहून नाही. भुलीचं प्रत्येक औषध एनएमडीए अडवत नाही, केटामीन मात्र अडवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ दिलेल्या भुलीबद्दल होता. तासाभराच्या आतल्या एकाच भुलीने पाचव्या वर्षी बुद्धीत फरक आढळलेला नाही. अडकलेला हर्निया मात्र आतड्याचा रक्तपुरवठा तोडू शकतो. भूलतज्ज्ञांशी आधी बोला.

प्रश्न : जनुक तपासणीत जीआरआयएन२बी (एनएमडीएचा २बी घटक घडवणारं जनुक) मध्ये बदल निघाला. मेमँटीन सुरू करावं का?

रिपोर्टवरून नाही. याच जनुकातला एक बदल रिसेप्टरचं काम वाढवतो, दुसरा कमी करतो. मेमँटीन रिसेप्टर अडवतं, म्हणजे दुसऱ्या प्रकारात ते उलट पडू शकतं. आधी आई-वडिलांची तपासणी, मग बदलाचा परिणाम कोणत्या दिशेचा ते जनुकतज्ज्ञांकडून समजून घ्या.