कोल्हापुरात आमच्या दीड वर्षाच्या मांजरीला एफआयपी (मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा गंभीर आजार) सांगितलाय, पोटात पाणी झालंय. खरंच उपाय नाही का?

उपाय आहे, आशा सोडू नका. पूर्वी या आजारातून मांजर क्वचितच वाचायचं. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने ३१ मांजरांवर जीएस-४४१५२४ नावाचं औषध वापरल्याचा अभ्यास छापला. त्यातली २५ दीर्घकाळ जगली. हे औषध मांजरांच्या कोरोना विषाणूची वाढ रोखतं (कोविडमधलं रेमडेसिविर शरीरात गेल्यावर यातच बदलतं). नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा. मांजर खेळायला लागलं म्हणून आपल्या मनाने मधेच थांबवू नका, आजार उलटू शकतो. मात्र पोटात पाणी हृदयाच्या किंवा यकृताच्या आजारानेही होतं, म्हणून आधी ते काढून तपासून घ्या. डोस वजनावर ठरतो, डोळ्यांत किंवा मेंदूत लक्षणं असतील तर जास्त लागतो. तो तुमच्या पशुवैद्यांनाच ठरवू द्या.