बुलेटप्रूफ जॅकेट रायफलची गोळी अडवू शकतं का?

नुसतं कापडी जॅकेट असेल तर नाही. केव्हलार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचे थर पिस्तुलाची गोळी जाळ्यासारखी धरतात, पण एके-47 ची साधारण 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 700 मीटरहून जास्त वेगाने येते आणि त्यातून आरपार जाते.

रायफलसाठी जॅकेटच्या खिशात कडक प्लेट घालावी लागते. पुढे सिरॅमिक, मागे पॉलिथिलीन. सिरॅमिकवर आदळताच गोळीचं टोक चेपतं, फुटतं. तिथलं सिरॅमिकही तडकतं आणि उरलेले तुकडे मागचा थर अडवतो. म्हणून त्याच जागी दुसरी गोळी बसली तर भरवसा कमी. कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने 2024 मध्ये बनवलेलं पॅनेल मात्र 7.62×54 आर या रायफलच्या चिलखतभेदी गोळीचे 6 मार झेलतं, ही मोठीच मजल आहे.

गोळी अडली तरी माणूस धड राहतोच असं नाही. प्लेट आत दबते. अमेरिकी चाचणीत जॅकेटमागे माती ठेवतात आणि तिच्यात 44 मिलिमीटरपर्यंतचा खळगा चालतो. तेवढा दाब छातीवर आला तर बरगडी मोडू शकते, त्यामुळे जखम दिसली नाही तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आणि प्लेट झाकते ती छाती-पाठ. मान, काख, मांड्या उघड्याच. 26/11 नंतर मुंबई पोलिसांच्या जॅकेटांवर एवढी चर्चा झाली, पण हा मुद्दा त्यात फार कमी आला, याचं मला आजही वाईट वाटतं.