वाचकांचे प्रश्न : बेसजवळच्या नोडची बॅटरी आधी का संपते?

प्रश्न : आमच्या बिनतारी जाळ्यात ४० सेन्सर नोड (बॅटरीवर चालणारी, रेडिओ असलेली छोटी मोजयंत्रं) आहेत. प्रत्येक नोड दर ५ मिनिटांनी तापमान बेसकडे, म्हणजे सगळी माहिती गोळा करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतो. आम्हाला सरासरी आणि कमाल तापमान एवढंच लागतं. बेसजवळच्या नोडच्या बॅटऱ्या मात्र फार लवकर संपतात. मोजमापं कमी करावीत का?

उत्तर : मोजमापांना हात लावण्याआधी पाकिटं, म्हणजे रेडिओवरून जाणारे माहितीचे संदेश, मोजा. लांबचे नोड जवळच्या नोडमार्फत बेसपर्यंत पोचतात. एखाद्या नोडच्या मागे असे १५ नोड असतील, तर तो दर फेरीत १५ पाकिटं घेतो आणि स्वतःचं धरून १६ पुढे पाठवतो. बॅटरी तिथे जाते.

तेव्हा हिशेब वाटेतच करा. बेसवरून क्वेरी (माहितीची मागणी) खाली पसरताना प्रत्येक नोडने आपला पालक नोड (ज्याच्यामार्फत उत्तर वर जाईल तो) आणि आपली पातळी (बेसपासून कितव्या टप्प्यावर आहोत ते) लक्षात ठेवावी. उत्तरं देताना सर्वांत खालच्या पातळीने आधी बोलायचं. पालक नोड खालून आलेली बेरीज, वाचनांची संख्या आणि कमाल यांत आपलं वाचन मिसळतो आणि एकच पाकीट वर धाडतो. सेन्सर जाळ्यांना क्वेरी विचारण्याची टायनीडीबी ही प्रणाली याच तत्त्वावर चालत असे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे थेट सरासरीच वर पाठवणं. एका नोडचं तापमान ३० आणि दुसरीकडे ९ नोडची सरासरी २० असेल, तर दोन्हींची सरासरी २५ येते. खरं उत्तर २१ आहे. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वाचन) हवा असेल तर ही युक्ती चालत नाही, त्याला सगळी वाचनं लागतात.

नुसतं ऐकत राहणंही महागात पडतं. सीसी२४२० ही सेन्सर नोडमधली रेडिओ चिप पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते, तर ऐकताना १८.८! रेडिओ सतत ऐकत ठेवला तर २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साडेपाच दिवसांत संपेल. म्हणून पातळीनुसार वेळ ठरवून तेवढ्यापुरताच रेडिओ जागा करा. घड्याळांची चूक प्रत्येकी ४० पीपीएम (दहा लाख सेकंदांत ४० सेकंद) धरली, तर ३०० सेकंदांत दोन नोडमध्ये २४ मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. ऐकण्याच्या वेळेला दोन्ही बाजूंनी निदान तेवढी मोकळीक ठेवा आणि दर फेरीत घड्याळं जुळवा.

बेसवर येणारी संख्या रोज तपासा. ४० पेक्षा कमी आली, तर पाकिटं हरवत आहेत किंवा एखादा नोड बंद पडला आहे. जास्त आली, तर पाकीट मिळाल्याची पोच परत न आल्याने पुन्हा पाठवलेलं पाकीट दोनदा मोजलं गेलं आहे. म्हणून पाकिटाला अनुक्रमांक द्या, म्हणजे दुसऱ्यांदा आलेलं ओळखता येईल. कमाल तापमानावर या दुहेरी मोजणीचा परिणाम होत नाही, त्यामुळे फक्त तेच पाहिलं तर हा दोष लक्षात येणार नाही.