संसद मोठी का संविधान?

प्रश्न: आमच्याकडे जेवताना रोज वाद. नातू लॉ करतोय, तो म्हणतो संविधान सगळ्यात वर. हे म्हणतात, खासदार आपणच निवडून देतो, म्हणजे संसदच वर, आणि ती संविधानसुद्धा बदलते की! खरं काय? – एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर: काकू, नातवाचं बरोबर आहे. काका म्हणतात तसं ब्रिटनमध्ये चालतं, तिथे संसदेने केलेला कायदा कोर्ट रद्द करू शकत नाही. आपल्याकडे संसद, राष्ट्रपती, सुप्रीम कोर्ट, सगळ्यांना अधिकार मिळालेत तेच मुळी संविधानातून, त्यामुळे त्याच्या बाहेर जाऊन कुणीही काही केलं तरी ते टिकत नाही.

तुमच्या ग्वाल्हेरचीच केस बघा ना. राजेरजवाड्यांचे तनखे, म्हणजे त्यांना सरकारकडून दरवर्षी मिळणारे पैसे, बंद करायला १९७० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने घटनादुरुस्ती आणली, लोकसभेत पास झाली, राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरोधात ७५, घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, आता २२४ चे दोन तृतीयांश काढा, १४९ च्या जरासंच वर येतं, म्हणजे अख्खं एक मतही नाही, तेवढ्यावरून विधेयक पडलं! मग लगेच दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची राजा म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली, म्हणजे तनखेही आपोआप बंद. तुमच्या ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि आणखी काही राजे सुप्रीम कोर्टात गेले आणि १५ डिसेंबरला कोर्टाने तो आदेश रद्द केला, कारण तनख्यांची हमी संविधानातच होती न् नुसत्या आदेशाने ती पुसता येत नाही. तनखे जायलाच हवे होते असं माझं स्पष्ट मत आहे, पण ते असे नाही. पुढे १९७१ मध्ये २६वी घटनादुरुस्ती रीतसर पास झाली आणि तनखे गेले.

आता काकांचा दुसरा मुद्दा. संसद संविधान बदलते हे खरंय, पण कलम ३६८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीनेच. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त, आणि काही बाबतीत निम्म्या राज्यांची मंजुरी पण. एवढं करूनही संविधानाच्या मूळ चौकटीला, म्हणजे ते ज्या मूलभूत तत्त्वांवर उभं आहे त्यांना, हात लावता येत नाही, हे केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या १३ न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ असं ठरवलं, २४ एप्रिल १९७३ ला.

आणि हे फक्त राजेमहाराजांसाठी नाही हं काकू, सरकारच्या एखाद्या आदेशाने तुमच्या हक्कावर गदा आली तर कलम २२६ खाली तुम्हीही हायकोर्टात जाऊ शकता, त्यासाठी जबलपूर गाठायला नको, खंडपीठ ग्वाल्हेरलाच आहे.