ध्वनी आणि दृश्य यांच्यातील निरोप

प्रश्न: एका संगणकावरील ध्वनी-प्रोग्रॅमने दुसऱ्यावरील दृश्य-प्रोग्रॅमला नेटवर्कवरून आज्ञा द्यायच्या असल्यास मिडी (वाद्ये व संगणक यांच्यात आज्ञा पाठवण्याचे जुने तंत्र) पुरेसे आहे का?

उत्तर: माझ्या मते ‘ओपन साउंड कंट्रोल’ हे नेटवर्कवरून निरोप पाठवण्याचे तंत्र वापरावे, जे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅट राइट व एड्रियन फ्रीड यांनी १९९७ मध्ये मांडले. १९८३ च्या मिडीत नियंत्रणाचे मूल्य सहसा ० ते १२७ एवढ्याच पायऱ्यांत बसते. ओपन साउंड कंट्रोलमध्ये मात्र ३२ बिटांची दशांश संख्या जाते, त्यामुळे आवाज विरताना पायऱ्या जाणवत नाहीत, आणि प्रत्येक निरोपाला तिरप्या रेघेने सुरू होणारा, आपणच ठरवलेला वाचनीय पत्ता असतो. निरोप बहुधा यूडीपीने (पोच न तपासता माहिती पाठवणाऱ्या नेटवर्क-पद्धतीने) जातात व पोहोचण्याची हमी नसते; म्हणून ‘थांबा’सारखी महत्त्वाची आज्ञा दोन-तीनदा अवश्य पाठवावी.