लूव्रमध्ये एक दिवस : वाचकांचे प्रश्न

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. तिकिटांचे दर जानेवारी २०२६ पासूनचे आहेत. आरक्षण करताना संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

पॅरिसमध्ये आमच्या हाती दीडच दिवस आहे. लूव्रला फार तर चार तास देता येतील. काय पाहावं आणि कोणत्या क्रमाने? (नाशिक)

चार तासांत लूव्र ‘उरकत’ नाही, तेव्हा तो हिशेब आधीच सोडून द्या. इथे सुमारे ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत आणि दालनं चारशेच्या घरात. वेळ जातो तो मात्र वस्तू पाहण्यात नव्हे, वाट शोधण्यात. बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला किल्ला, पुढे त्याचा वाढत गेलेला राजवाडा आणि १७९३ मध्ये त्याचं झालेलं संग्रहालय, असा या वास्तूचा इतिहास. त्यामुळे एका मजल्यावरून समोर दिसणाऱ्या दालनात जायला कधी कधी दोन जिने उतरून पुन्हा चढावं लागतं.

यावर उपाय म्हणजे दालनाचा क्रमांक वाचायला शिकणं. इमारतीचे तीन भाग आहेत: नदीकडचा दनों, पूर्वेचा सुली आणि रिव्होली रस्त्याकडचा रिशेल्यू. ढोबळमानाने २००, ३०० आणि ४०० हे क्रमांक तळमजल्यावरचे, अनुक्रमे रिशेल्यू, सुली आणि दनोंचे. ५००, ६००, ७०० याच क्रमाने पहिल्या मजल्यावर. ८०० म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा रिशेल्यू आणि ९०० म्हणजे तिथलाच सुली. तळमजल्याखालची दालनं १०० पासून सुरू होतात. एवढं लक्षात ठेवलं की ७११ म्हणजे दनों, पहिला मजला, हे नकाशा न उघडता कळतं. काय पाहायचं त्याचे क्रमांक घरूनच एका कागदावर उतरवून न्या. संग्रहालयाच्या मोफत ऑनलाइन सूचीत प्रत्येक वस्तूपुढे तिचं दालन दिलेलं असतं.

बुधवारी किंवा शुक्रवारी जा. त्या दिवशी संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं (एरवी सहापर्यंत), पण दालनं अर्धा तास आधीच रिकामी करायला लागतात, म्हणून साडेचारचं तिकीट काढा. प्रवेशाच्या काचेच्या पिरॅमिडखालून बहुतेक सगळे दनोंकडे धावतात. तुम्ही सुलीत शिरा. तळमजल्याखाली जुन्या किल्ल्याचा खंदक आणि बुरुजांचे पाये दिसतात. तिथून वर येताना इजिप्तमधल्या टॅनिसचा स्फिंक्स (३३८) आणि मग व्हीनस द मिलो हा प्रसिद्ध ग्रीक संगमरवरी पुतळा (३४५). यांना पाऊण तास पुरे.

आता आतल्या आत रिशेल्यूकडे जायची वाट शोधत बसू नका. सरळ पिरॅमिडखालच्या सभागृहात परत या आणि रिशेल्यूच्या दारातून शिरा. तिकीट पुन्हा दाखवावं लागतं, तरी दहा मिनिटं वाचतात आणि स्वच्छतागृहही वाटेतच आहे. रिशेल्यूत तळमजल्यावर २२७ मध्ये बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा सव्वादोन मीटर उंच काळा शिलास्तंभ आहे. शेजारी २२९ मध्ये खोर्साबादच्या असिरियन राजवाड्याचे पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल. त्यांचे पाय मोजा, पाच भरतात. समोरून बैल उभा दिसावा आणि बाजूने चालताना दिसावा, यासाठी असिरियन शिल्पकारांनी केलेली ही युक्ती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले निमरूदचे असिरियन शिल्पपट ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी तर इथे थांबायलाच हवं. मग सरकत्या जिन्याने थेट दुसऱ्या मजल्यावर. ८०१ मध्ये रूबेन्सने फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिच्यासाठी रंगवलेली २४ चित्रं भिंती व्यापून आहेत आणि ८३७ मध्ये व्हर्मीरची ‘लेस विणणारी’ आहे, जेमतेम २४ बाय २१ सेंटिमीटर. इथे गर्दी नसते, चित्रासमोर हवं तितकं उभं राहता येतं. आमच्या मते वेळ अपुरा पडला तर दनोंचा वेळ कमी करावा, रिशेल्यूचा नव्हे.

सातच्या सुमारास दनों. जिन्यावरची पंखधारी विजयदेवता (७०३), लांबलचक ग्रांद गॅलरी, मोनालिसा (७११), आणि शेवटी लाल भिंतींची दोन दालनं: ७०२ मध्ये दाव्हिदचा ‘नेपोलियनचा राज्याभिषेक’, ७०० मध्ये जेरिकोचा ‘मेदुसाचा तराफा’ आणि दलाक्रुआची ‘जनतेचं नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता’. या शेवटच्या चित्रावरचा पिवळा पडलेला रोगणाचा थर २०२४ मध्ये काढला गेला. जुन्या पुस्तकांतल्या छापील चित्रांपेक्षा आकाश आणि झेंडा आता बरेच वेगळे दिसतात.

मोनालिसा पाहून निराशा होते असं सगळेच म्हणतात. वगळावी का? (कोल्हापूर, चित्रकला शिक्षक)

निराशा होते ती अंतरामुळे. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, पॉप्लरच्या फळीवर रंगवलेलं. पुढे जाड काच, त्याच्यापुढे कठडा आणि कठड्यापुढे माणसं. लिओनार्दोने ओठांच्या आणि डोळ्यांच्या कडा रंगांचे अतिशय पातळ थर देऊन विरघळवल्या आहेत. ते काम हातभर अंतरावरून पाहायचं आहे आणि तिथपर्यंत कुणालाच जाता येत नाही. फोन उंच धरून काढलेल्या फोटोत काचेवरचे दिवेच उमटतात.

शिक्षक म्हणून तुमचा वेळ ७१० मध्ये जास्त सत्कारणी लागेल. ग्रांद गॅलरीच्या त्या भागात लिओनार्दोची आणखी चार चित्रं आहेत. ‘खडकांमधली मारिया’ आणि ‘संत अ‍ॅनी’ यांच्यापुढे फारसं कुणी थांबत नाही. धूसर कडा, दूरचे निळसर डोंगर, सगळं जवळून पाहता येतं. ते डोळ्यांत साठवून मग मोनालिसाच्या रांगेत उभे राहा, लांबूनही काय शोधायचं ते कळेल.

आणि तिच्यासमोर गेलात की मागे वळा. समोरच्या भिंतीवर व्हेरोनीजचं ‘काना गावचं लग्न’ आहे, बायबलमधल्या लग्नाच्या मेजवानीचं, ६.७७ बाय ९.९४ मीटर. १५६३ मध्ये व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी रंगवलेलं हे चित्र नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये कापून पॅरिसला आणलं. दालनातल्या बहुतेकांची पाठ त्याच्याकडे असते. मेजवानीतल्या पंगतीतला एकेक माणूस निवांत पाहा. संगीतकारांच्या मागे, वरच्या सज्ज्यावर मांस कापणारे आचारी दिसतात का बघा.

तिकिटाचे दर वेगवेगळे ऐकतो. आम्ही दोघं ठाण्याहून, एक मुलगा जर्मनीत नोकरीला, मुलगी लंडनला, नातू ९ वर्षांचा. कुणाला किती?

युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांना (म्हणजे युरोपीय संघ, आइसलँड, नॉर्वे आणि लिश्टेनश्टाइन सोडून) ३२ युरो, तिथल्या नागरिकांना आणि रहिवाशांना २२. म्हणजे तुम्हा दोघांना ३२, जर्मनीत राहणाऱ्या मुलाला २२ (निवासाचा परवाना जवळ हवा), लंडनच्या मुलीला मात्र ३२, कारण ब्रिटन त्या क्षेत्रात नाही. १८ वर्षांखालचे कुठलेही असोत, त्यांना मोफत. पण नातवासाठीही शून्य किमतीचं, वेळ ठरलेलं तिकीट काढायला विसरू नका. नेमकं तेच राहून जातं आणि दारात अख्खं कुटुंब अडतं. वयाच्या पुराव्याला त्याचा पासपोर्ट ठेवा.

शहराचा संग्रहालय पास असला तरी लूव्रची वेळ वेगळी आरक्षित करावी लागते. आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरच करा. इतर संकेतस्थळं तेच तिकीट ‘रांग चुकवा’ म्हणून चढ्या भावात विकतात, पण सुरक्षा तपासणीची रांग कोणत्याच तिकिटाने चुकत नाही.

आईचं वय ७२, गुडघे दुखतात. तिला नेणं शहाणपणाचं आहे का? (सांगली)

हो, फक्त बेत अर्धा करा. चाकांची खुर्ची आणि काठी आतच मोफत मिळते, ओळखपत्र ठेवून घेतात. पिरॅमिडच्या गोल जिन्याच्या मधोमध वर-खाली होणारी लिफ्ट आहे. चालणं कठीण असल्याचं कर्मचाऱ्यांना सांगा, ते तिकडे नेतात. आत लिफ्ट आहेत, पण विखुरलेल्या, आणि एका लिफ्टने सगळे मजले गाठता येत नाहीत. आईंसाठी एकच भाग निवडा, तो रिशेल्यू. काचेच्या छताखालचे मार्ली आणि प्युजे हे शिल्पांचे चौक मोकळे आहेत, उजेड भरपूर आणि टेकायला जागाही. वर नेपोलियन तिसऱ्याच्या काळातली झुंबरं आणि मखमलीने सजलेली दिवाणखान्यांची रांग आहे, ती बहुतेकांना आवडते.

लूव्रमध्ये भारतीय कला कुठे आहे? (पुणे)

बुद्धमूर्ती, मथुरा, चोल कांस्य वगैरे शोधत असाल तर लूव्रमध्ये नाहीत. तिथला आशियाई संग्रह १९४५ मध्ये गिमे संग्रहालयाकडे गेला, तेव्हा इएना चौकातल्या गिमेला जा. लूव्रमध्ये इस्लामी कलेच्या विभागात मुघल काळातल्या काही वस्तू आहेत. घोड्याच्या डोक्याच्या आकाराची मूठ असलेला खंजीर त्यातलाच.

कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला १४०.६४ कॅरटचा रीजंट हिरा अपोलो दालनात (७०५) ठेवलेला असे. १९ ऑक्टोबर २०२५ ला या दालनातल्या दागिन्यांची चोरी झाली, त्यात तो गेला नाही. पण त्यानंतर दालन बंद झालं आणि तिथले दागिने फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत हलवले गेले. केवळ हिऱ्यासाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा.

सामान आणि खाणं? (औरंगाबाद)

५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही आणि ठेवूनही घेत नाहीत, त्यामुळे विमानतळावरून थेट येऊ नका. लहान बॅगेसाठी मोफत कप्पे आहेत. दालनांत खायला मनाई आहे. दशम्या-धपाटे असतील तर आधीच शेजारच्या त्विलरी बागेत बसून खाऊन घ्या, कारण एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत सोडत नाहीत. सेल्फी स्टिक आणि फ्लॅश चालत नाही. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. खिसेकापूंच्या उपद्रवाला कंटाळून एप्रिल २०१३ मध्ये कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिलं होतं.

आमच्याकडे फक्त मंगळवार आहे. (मडगाव)

लूव्र मंगळवारी बंद. गिमे आणि मोनेच्या कमळांच्या चित्रांचं ऑरांझरी संग्रहालयही बंद. ओर्से संग्रहालय उघडं असतं, त्याची सुट्टी सोमवारी. व्हॅन गॉग, मोने, रेन्वार, देगा यांच्यासाठी तसंही ओर्सेलाच जावं लागतं. १८४८ ते १९१४ या काळातली कला तिथे आहे, लूव्रमध्ये नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर, बागेतून पूल ओलांडून पायी जाता येतं.